साठ रुपयांचा गोल्डफिश आणि वहीतला ‘मासे’ हा रकाना

पार्श्वभूमी

मेधाताईंच्या घरी हिशेबाची वही आहे. लांबट, लाल पुठ्ठ्याची, किराणा दुकानात असते तसली. दूध, किराणा, इस्त्री, पेपर, रिक्षा असे रकाने आणि दर महिन्याला एक पान. जून 2019च्या पानावर त्यांनी पट्टीने एक नवी रेघ मारली आणि वर लिहिलं, ‘मासे’. या प्रकरणातले बहुतेक आकडे त्या रकान्यातून, त्यांच्या परवानगीने घेतले आहेत. नावं बदलली आहेत.

कुटुंब तिघांचं. मेधाताई शाळेत शिकवतात, श्रीकांतराव बँकेत आहेत, मुलगी सई. घर पुण्याच्या पश्चिमेकडच्या एका उपनगरात, दुसऱ्या मजल्यावर. मी त्यांच्या वरच्या मजल्यावर राहतो आणि वीस-बावीस वर्षं मासे पाळतो आहे, म्हणून या गोष्टीत अधूनमधून मीही येतो. काही ठिकाणी माझीही चूक आहे, ती पुढे सांगतो.

त्या वर्षीच्या मे महिन्यात मुंबईला मामाकडे गेलेली असताना सईने मरीन ड्राइव्हवरचं तारापोरवाला मत्स्यालय पाहिलं. 1951 पासूनच्या त्या इमारतीतून बाहेर पडताना किती मराठी पोरांनी आईबापांकडे फिश टँकचा हट्ट धरला असेल, कोण जाणे. सईनेही धरला. जूनमध्ये तिचा नववा वाढदिवस होता.

दुकानात गेल्यावर टँकची खरेदी तासाभरात उरकली. दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच अशी काचेची पेटी, वर फायबरचं झाकण आणि दिवा, मिळून 2,800 रुपये. लाकडी स्टँड 1,500. पाण्यात बुडणारा छोटा फिल्टर 350, हवेची मोटर 250, रंगीत खडी 300, मागे लावायचं निळं चित्र आणि प्लास्टिकची झाडं 200, एक किल्ला 180, खाद्य 120. आणि शेवटी मासे: साठ रुपयांचा एक असे चार गोल्डफिश, शिवाय ‘काच साफ करतो’ म्हणून पन्नासचा एक सकर. एकूण 5,990. त्यात माशांचे 290.

श्रीकांतराव त्या दिवशी खुशीत होते. ‘सहा हजारांत विषय संपला,’ असं त्यांनी मला जिन्यात सांगितलं होतं.

पहिली अडचण: मासे मरतात, औषधं वाढतात

नवव्या दिवशी पहिला गोल्डफिश गेला, अकराव्या दिवशी दुसरा. सई रडली. श्रीकांतरावांनी दोन नवे आणले. मग तीन. मग दोन. मग एकदम चार. जुलै ते सप्टेंबर 2019 या तीन महिन्यांत वहीत माशांचे 660 रुपये आहेत, औषधांचे 390, क्लोरीन काढायच्या खड्यांचे 40 आणि ‘पाणी स्वच्छ करणारं’ म्हणून दिलेल्या एका बाटलीचे 220. एकूण 1,310.

इथे नेमकं काय होत होतं ते सांगायला हवं, कारण पुढचा सगळा खर्च त्यावर उभा आहे. मासा कल्ल्यांवाटे पाण्यात सतत अमोनिया सोडतो. उरलेलं खाद्य आणि विष्ठा कुजूनही अमोनियाच तयार होतो. नदी-तळ्यात तो पातळ होऊन जातो, पेटीत साठतो. तो संपवण्याचं काम दोन प्रकारचे जिवाणू करतात. एक गट अमोनियाचं नायट्राइट करतो. तेही विषारीच. दुसरा गट नायट्राइटचं नायट्रेट करतो, जे माशांना बरंच सोसतं आणि पाणी बदललं की निघून जातं. हे जिवाणू फिल्टरच्या स्पंजवर, खडीवर, काचेवर वस्ती करतात आणि ती वस्ती बसायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. नव्या पेटीत ती नसतेच. सईचे मासे रोगाने गेले नाहीत, अमोनियाने गेले.

घरात मात्र उलट उपचार सुरू होते. मासा मेला की पेटी पूर्ण रिकामी व्हायची, खडी नळाखाली चोळून धुतली जायची, स्पंज पिळून उन्हात वाळवला जायचा. म्हणजे जेमतेम बसू लागलेली वस्ती दर पंधरवड्याला उठवायची आणि तिथे नवे मासे सोडायचे. वर मेथिलिन ब्लूचे थेंब. ते बुरशीवर चालतं, पण फिल्टरमधल्या जिवाणूंनाही मारक ठरू शकतं.

यावर पर्याय होते. नवे मासे न आणता दीड महिना थांबणं, रोज थोडं पाणी बदलणं, अमोनिया मोजायचा किट आणणं. तिन्हींचा खर्च औषधांपेक्षा फारसा जास्त नव्हता. पण पेटीत मासा नाही आणि लेक रोज शाळेतून येऊन रिकाम्या पेटीकडे बघते आहे, हे चित्र श्रीकांतरावांना बघवेना.

ऑक्टोबरमध्ये त्यांनी तोडगा काढला. महिन्याला चारशे रुपये घेऊन टँक साफ करणारा माणूस लावला. तो प्रामाणिक होता, वेळेवर यायचा आणि दर महिन्याला पेटी आरशासारखी लख्ख करून जायचा. सगळं पाणी काढून, सगळी खडी धुऊन. सहा महिन्यांत त्याचे 2,400 झाले आणि आणखी पाच गोल्डफिश लागले.

लॉकडाऊनने केलेलं काम

मार्च 2020च्या शेवटी सगळं बंद झालं. साफसफाईवाला येईना. खाद्याची डबी संपत आली होती, म्हणून सईने रोजचे दाणे मोजून टाकायला सुरुवात केली. पूर्ण पेटी उपसणं श्रीकांतरावांना एकट्याने झेपत नव्हतं, म्हणून बापलेक दर रविवारी दोन बादल्या पाणी काढून दोन बादल्या आधीच भरून ठेवलेलं, मुरलेलं पाणी घालू लागले. स्पंज त्याच काढलेल्या पाण्यात एकदा खळबळून परत लावायचा.

मासे मरायचे थांबले.

हे कुणी ठरवून केलं नव्हतं. कमी खाद्य, कमी धुणं, थोडंथोडं पाणी. जिवाणूंना पहिल्यांदाच निवांतपणा मिळाला. एप्रिल ते डिसेंबर 2020 या नऊ महिन्यांत वहीतला रकाना मिळून 870 रुपये दाखवतो. महिन्याला शंभरच्याही आत. आतापर्यंत विकत घेतलेल्या वीस गोल्डफिशपैकी तीन उरले होते. त्यातल्या गोलमटोल, केशरी माशाचं नाव सईने ‘मोदक’ ठेवलं.

त्या नऊ महिन्यांनी दोन गोष्टी झाल्या. एक चांगली: सई आणि तिचे बाबा टँक सांभाळायला शिकले. दुसरी पुढे महागात पडली: ‘मासे पाळायला महिन्याला शंभर रुपये लागतात’ हा आकडा घरात पक्का बसला. तो त्या काळापुरता खरा होता. मासे लहान होते, सगळं सामान नवं होतं आणि विजेचा हिशेब कुणी केला नव्हता.

खर्चाचा पहिला चढ

गोल्डफिश दुकानात दीड-दोन इंचांचा असतो. नीट जगला तर दहा-पंधरा वर्षं जगतो आणि वीतभर होतो. तो खादाड असतो, त्याला पोट असं वेगळं नसतं, खाल्लेलं झरझर पुढे जातं, त्यामुळे त्याच्या आकाराच्या मानाने घाण खूप. दोन फुटी पेटीत काठोकाठ भरलं तरी 56 लिटर पाणी. खडी, किल्ला आणि वरची मोकळी जागा वजा केली की पंचेचाळीसच्या आसपास. 2021च्या पावसाळ्यात त्यात पाच-सहा इंचांचे तीन गोल्डफिश आणि आठ इंचांचा सकर होता. सकर काच साफ करतो हे लहानपणीच फार तर खरं. मोठा झाला की तो स्वतःच पेटीतली सर्वात मोठी घाण करणारी असामी असतो, आणि वाढला तर फुटाच्याही पुढे जातो.

पाणी दोन दिवसांत गढूळ व्हायचं. आठवड्यातून दोनदा, मग तीनदा पाणी बदलणं. जास्त ताकदीचा फिल्टर, दुसरी मोटर. जानेवारी ते ऑक्टोबर 2021 मध्ये 2,150 रुपये, म्हणजे महिन्याला 215. रक्कम डोळ्यांत भरणारी नव्हती, पण आधीच्या वर्षातल्या त्या नऊ महिन्यांच्या दुप्पट होती आणि रविवारचे दोन तास आता आठवड्याचे सहा झाले होते. वेळेचा रकाना वहीत नव्हता.

दिवाळीच्या सुमारास श्रीकांतराव माझ्याकडे आले. समोर चार वाटा होत्या.

मासे कुणाला तरी देऊन टाकायचे. मोदकमुळे हा पर्याय चर्चेला येण्याआधीच बाद झाला.

तळ्यात सोडून द्यायचे. सोसायटीतल्या एका काकांनी हे पुण्यकर्म म्हणून सुचवलं होतं. मी याला ठाम नकार दिला. पाळीव मासे बाहेरच्या पाण्यात सोडले की एक तर हाल होऊन मरतात, नाहीतर तगतात आणि तिथल्या माशांच्या मुळावर येतात. सकरचीच जात भारतात अनेक ठिकाणच्या नद्या-तलावांत पसरली आहे, आणि ती कुणीतरी अशीच दया दाखवल्यामुळे.

आहे त्याच पेटीत आणखी फिल्टर लावायचे. स्वस्त, पण पाणी तेवढंच राहणार होतं.

किंवा मोठी पेटी.

त्यांनी मोठी पेटी घेतली, आणि हा निर्णय मला आजही बरोबर वाटतो. चार फूट लांब, दीड रुंद, दीड उंच. 255 लिटर. पेटी 8,500, लोखंडी स्टँड आणि त्याखालचं कपाट 9,000, बाहेर ठेवायचा कॅनिस्टर फिल्टर 6,500, एलईडी दिवा 1,800, वाळू 900, आणून बसवून देण्याचे 1,000. एकूण 27,700. मेधाताईंनी त्या महिन्यात ‘मासे’चा आकडा शेजारच्या ‘इतर’ रकान्यापर्यंत लांबवला आहे, कारण तो पाच अंकी होता.

जुनी पेटी बाल्कनीत गेली. तिच्यात कांदे ठेवायला लागले.

खर्चाचा दुसरा चढ, जो टाळता आला असता

मोठ्या पेटीत तीन गोल्डफिश आणि एक सकर. पाणी काचेसारखं स्वच्छ, आठवड्याला एकदा चौथा हिस्सा पाणी बदललं की पुरे. अशीच ठेवली असती तर ही हकीकत इथेच संपली असती.

पण श्रीकांतरावांना ती रिकामी वाटली. डिसेंबर 2021 मध्ये त्यांनी ऐंशी रुपयांना एक असे दोन ‘शार्क’ आणले. चंदेरी, चपळ, चार इंची. दुकानात शार्क म्हणून विकला जाणारा हा मासा म्हणजे पंगास, म्हणजे खाण्यासाठी ज्याची शेती करतात तो. मोकळ्या पाण्यात तो मीटरभराच्या पुढे वाढतो. मला त्यांनी पिशवी उघडतानाच बोलावलं होतं. मी पाहिलं, मला कळलं, आणि मी गप्प बसलो. त्यांचा चेहरा इतका फुलला होता की ‘परत करा’ असं तोंडातून निघेना. या प्रकरणात माझी चूक म्हणतो ती हीच. मी गप्प बसलो त्याची किंमत पुढची दोन वर्षं त्यांच्या वहीत दिसते.

पंगास उष्ण पाण्यातला. त्याला चोवीस ते अठ्ठावीस अंश लागतं. गोल्डफिश थंड पाण्यात खूश असतो, पुण्याच्या थंडीत त्याला काहीच लागत नाही. त्या हिवाळ्यात खोलीतलं पाणी रात्री अठरा-एकोणीसपर्यंत उतरायला लागलं, शार्क तळाशी निपचित पडले आणि 1,100 रुपयांचा, 300 वॉटचा हीटर आला. दोन स्वभावांचे मासे एका पाण्यात ठेवल्यामुळे घेतलेला हीटर.

जानेवारीचं वीजबिल पाहून श्रीकांतरावांनी मीटर तपासायला सांगायचं ठरवलं होतं. आम्ही बसून हिशेब केला. घराचा नेहमीचा वापर 190 युनिट. कॅनिस्टर 25 वॉट, चोवीस तास, महिन्याला 18 युनिट. हवेची मोटर 5 वॉट, साडेतीन युनिट. दिवा 24 वॉट, रोज नऊ तास, साडेसहा. म्हणजे पेटीचा पायाचा वापर 28. हीटर थर्मोस्टॅटवर बंद-चालू होत सरासरी दहा तास जळत होता: रोज तीन युनिट, महिन्याला 90. एकूण 308. श्रीकांतरावांचा समज असा होता की तीनशेच्या वर गेल्याने सगळंच बिल वरच्या दराने लागलं. तसं नसतं. वरचा दर फक्त वरच्या आठ युनिटांना लागतो. फटका टप्प्याचा नव्हता, त्या नव्वद युनिटांचाच होता. युनिटला सगळे आकार धरून अकरा रुपये पकडले तर हीटरचे महिन्याला 990. ऐंशी रुपयांच्या माशांसाठी.

मेधाताईंनी वीज ‘मासे’त कधीच लिहिली नाही, ती ‘लाइटबिल’मध्ये जायची. त्यामुळे रकान्याकडे बघून घरात कुणालाच या वाढीचा अंदाज नव्हता. बहुतेक घरांत हेच होतं. माशांचा खर्च माशांच्या नावाखाली दिसतच नाही.

डिसेंबर 2021 ते डिसेंबर 2022 या तेरा महिन्यांत वहीत 6,600 रुपये आहेत, त्यातले 3,900 निव्वळ खाद्याचे. 2023 मध्ये 7,800. शार्क आता फुटाच्या वर गेले होते, आणि घाबरले की पेटीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत झेपावून काचेवर आदळायचे. पाणी बदलताना हीटर बंद करायचा राहिला, तो उघडा पडून तडकला, नवा 1,100 ला आला. कॅनिस्टरमधला फिरता पंखा झिजला, 700.

मे 2023 मध्ये सगळे चार दिवस गुहागरला गेले असताना ट्रान्सफॉर्मर उडाला आणि अकरा तास वीज नव्हती. बंद पडलेल्या कॅनिस्टरमध्ये कोंडलेल्या पाण्यातला प्राणवायू तासाभरात संपू लागतो, आतले जिवाणू मरतात, आणि वीज आली की ते सडकं पाणी सरळ पेटीत येतं. वॉचमनने फोन केला तेव्हा एक गोल्डफिश वर तरंगत होता. तो मोदक नव्हता. परतल्यावर बॅटरीवर आपोआप सुरू होणारी हवेची मोटर घेतली, 1,200.

पेच: फेब्रुवारी 2024

एका सकाळी पहिल्या मजल्यावरचे शेजारी वर आले. त्यांच्या हॉलच्या पीओपी छतावर पिवळट डाग पसरला होता. पेटीच्या मागच्या खालच्या कोपऱ्यातून, सिलिकॉनच्या सांध्यातून थेंब थेंब पाणी कित्येक दिवस झिरपत होतं. ते कपाटाच्या मागे जायचं, म्हणून दिसलं नाही. ‘पेटीतलं पाणी हल्ली लवकर आटतंय’ असं सई म्हणाली होती, पण ते बाष्पीभवन समजून सोडून दिलं गेलं.

कारण शोधायला स्टँड सरकवला तेव्हा दोन गोष्टी दिसल्या. स्टँडचा एक पाय फरशीच्या उतारावर होता आणि त्याखाली पुठ्ठ्याची घडी सरकवलेली होती, जी भिजून चपटी झाली होती. आणि पेटीखाली थर्मोकोलची शीट नव्हती. अडीचशे लिटर म्हणजे पाव टन वजन. ते लोखंडाच्या चौकटीवर थेट टेकलं आणि चौकट तिरकी असली की सगळा ताण एका सांध्यावर येतो. साठ रुपयांची शीट बसवताना राहिली होती. शार्कच्या धडकांचाही हातभार असेल, पण तसं खात्रीने म्हणता येत नाही.

शेजाऱ्यांचं छत दुरुस्त करून रंगवून देण्याचे 6,500 आणि स्वतःच्या घरात स्कर्टिंग व कपाटाची फुगलेली पाठ यांचे 1,800 झाले. त्या रात्री मेधाताईंनी पहिल्यांदा रकान्याची पूर्ण बेरीज केली. जून 2019 ते फेब्रुवारी 2024: 64,360 रुपये. मी वीज काढून दिली, जुन्या आणि नव्या पेटीची मिळून अठरा-एकोणीस हजारांची. एकूण 83 हजारांच्या आसपास. त्यात आजवर विकत घेतलेल्या सगळ्या माशांची किंमत 1,410.

‘म्हणजे मासे फुकटच मिळाले म्हणायचे,’ मेधाताई म्हणाल्या.

कोणते पर्याय तोलले

सगळं बंद करायचं, हे श्रीकांतरावांचं पहिलं मत होतं. जुन्या सामानाचं काम करणाऱ्याने पेटी, स्टँड, फिल्टर, सगळ्याचे मिळून 7,000 देऊ केले. मोदक मात्र कुठे जाणार, याला उत्तर नव्हतं. ओळखीच्या एका बंगल्यात सिमेंटचा हौद होता, पण तिथे बगळे येतात.

दुसरा पर्याय नवी चार फुटी पेटी, 11,000. जुनीचा भरवसा गेला होता, म्हणून याकडे ओढा होता. पण स्टँड तिरकाच राहिला असता तर नव्या पेटीचंही तेच झालं असतं.

तिसरा, बाल्कनीतली दोन फुटी पेटी पुन्हा काढायची, तिच्यात गप्पी आणि पाणवनस्पती ठेवायच्या. एखादा स्पंज फिल्टर, छोटा दिवा. सगळ्यात स्वस्त. 2019 मध्ये हेच करायला हवं होतं, यावर आमचं एकमत झालं. पण 2024 मध्ये सात-आठ इंचांचा मोदक हयात होता.

चौथा पर्याय सईने मांडला. ती आता चौदाची होण्याच्या बेतात होती, आणि कागदावर तिने लिहिलेले प्रश्न चांगले होते. हीटर कुणासाठी आहे? शार्कसाठी. निम्म्याहून जास्त खाद्य कोण खातं? शार्क आणि सकर. फिल्टर आठवड्याला का धुवावा लागतो? त्याच तिघांमुळे. मग पेटी दुरुस्त करून तिच्यात फक्त दोन गोल्डफिश ठेवले तर? श्रीकांतरावांचा आक्षेप असा की दोन माशांसाठी एवढी मोठी पेटी चालवणं ही चैन झाली. इथे मी पहिल्यांदा स्पष्ट बोललो. पाणी जास्त आणि मासे कमी असले की फिल्टर, वेळ, औषध, सगळंच कमी लागतं, पंपाची वीज तेवढीच राहते. महाग पडतं ते थोड्या पाण्यात जास्त मासे ठेवणं. 2021 मध्ये त्यांनी ते स्वतः भोगलं होतं.

काय केलं

दोन्ही शार्क मावळातल्या एका परिचिताच्या शेततळ्यात गेले. तळं प्लास्टिकचा कागद अंथरलेलं, ओढ्यापासून लांब, बाहेर पाणी जायला वाट नाही, याची आधी खात्री केली. पुढे त्यांचं काय झालं ते आम्ही विचारलं नाही. सकर दुकानदाराने परत घेतला आणि बदल्यात खाद्याची दोन पाकिटं दिली. या व्यवहारात दुकानदाराशी कधी भांडण झालं नाही हेही सांगायला हवं. त्याला जे विचारलं गेलं ते त्याने विकलं.

बाल्कनीतले कांदे टोपलीत गेले आणि दोन फुटी पेटी आठवडाभरासाठी परत घरात आली. मोदक आणि दुसरा गोल्डफिश तिच्यात. कॅनिस्टर त्या छोट्या पेटीलाच जोडून चालू ठेवला, म्हणजे त्यातली जिवाणूंची वस्ती जगली. 2019 मधला धडा इथे वापरला गेला. मोठ्या पेटीचं जुनं सिलिकॉन पात्याने पूर्ण खरवडून नवं भरलं. नुसतं जुन्यावर नवं लावलं तर ते धरत नाही. दोन दिवस वाळवून मग तीन दिवस बाल्कनीत भरून ठेवली, खाली वर्तमानपत्र अंथरून. कागद कोरडा राहिला. सिलिकॉन आणि मजुरी 2,800, स्टँडच्या पायाखाली लोखंडी पट्टी, नवा पाइप, थर्मोकोल आणि किरकोळ धरून 600. एकूण 3,400. स्पिरिट लेव्हल मी दिली.

परिणाम

2023 मध्ये वहीतले महिन्याला 650 आणि विजेचे सरासरी 515, मिळून साडेअकराशेच्या वर खर्च होता. मार्च 2024 पासून खाद्य 90, फिल्टरचे सुटे भाग वर्षाचे बाराने भागून 60, आणि दिवा सहा तासांवर आणल्यावर 26 युनिट वीज, वाढलेल्या दराने 310. साधारण 460 रुपये. औषधांवर त्या वर्षी काहीच खर्च झाला नाही. रविवारचं काम चाळीस मिनिटांचं आहे.

मेधाताईंनी आता विजेचे 310 ‘मासे’त लिहायला सुरुवात केली आहे. शिवाय दर महिन्याला 300 रुपये वेगळे काढतात. कॅनिस्टर सात-आठ वर्षांनी बदलावा लागेल, सिलिकॉनची पुन्हा कधीतरी पाळी येईल, त्यासाठी. हे पैसे 2019 पासून बाजूला पडले असते तर गळतीच्या महिन्यात घराचा हप्ता पुढे ढकलावा लागला नसता.

पुन्हा करायचं झालं तर

पहिला निर्णय माशाचा होता आणि तो पेटी घेतल्यानंतर झाला. उलट व्हायला हवं होतं. कोणता मासा, तो किती मोठा होतो, किती वर्षं जगतो, थंड पाण्यातला की उष्ण, हे चार प्रश्न आधी विचारले असते तर दोन फुटी पेटीत आठ-दहा गप्पी आले असते, किंवा गोल्डफिशच हवा म्हणून थेट मोठी पेटी आली असती. दोन्ही चालले असते. दोन फुटात चार गोल्डफिश हे मात्र कुठल्याच हिशेबात बसत नव्हतं, आणि दुकानात तेच सगळ्यात स्वस्त दिसत होतं.

पहिल्या तीन महिन्यांत धीर हवा होता. त्याची किंमत शून्य होती. लेकीच्या डोळ्यांतलं पाणी धरलं तर शून्य नव्हती, हे मला मान्य आहे, आणि म्हणून या चुकीबद्दल मी श्रीकांतरावांना फारसा दोष देत नाही.

शार्कच्या दिवशी मी बोलायला हवं होतं. हीटर, त्याची वीज, वाढलेलं खाद्य हे सगळं त्या एका पिशवीतून आलं.

आणि पेटी बसवणाऱ्याच्या डोक्यावर उभं राहून थर्मोकोल आणि लेव्हल बघायला हवी होती. पाच मिनिटांचं काम होतं.

एक प्रश्न अजून सुटलेला नाही. मोदक सहा वर्षांचा होत आला आहे, तब्येतीने ठणठणीत आहे आणि आणखी पाच-सात वर्षं सहज काढेल. सई 2028 मध्ये बारावी करेल आणि बाहेरगावी शिकायला जायचं म्हणते आहे. रविवारच्या बादल्या कोण उचलणार यावर घरात अजून कुणी बोलत नाही. मेधाताईंनी मला एवढंच विचारलं आहे की साफसफाईवाला लावला तर तो हल्ली किती घेतो, आणि त्याला खडी धुऊ नको असं सांगितलं तर तो ऐकेल का.